गावठी फणसावर, गिरीराज खुराड्यात: परसातल्या कोंबड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतलं हे घर. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. घरात आजी, त्यांची सून आणि सातवीतला नातू. सून म्हणजे अख्ख्या वाडीच्या वहिनी, म्हणून इथंही वहिनीच. घरधनी मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येणारे.

मागील दारी आजींच्या काळापासून गावठी कोंबड्या. त्या वर्षी १४ होत्या, त्यात दोन कोंबडे. पावसाळ्याच्या तोंडावर वहिनींनी बचत गटातून ८ गिरीराज पिल्लं आणली. गिरीराज ही बंगळुरूत तयार झालेली सुधारित जात. परसात चरून खाते, अंडीही गावठीपेक्षा जास्त देते, पण अंगानं जड. गावठी कोंबडी दीड किलोच्या आसपास, तर गिरीराज कोंबडा तीन किलोंच्याही पुढे जातो. त्यामुळे उडणं बेताचंच. हा वजनातला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

खुराडं जुनं होतं. हापूसच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून बनवलेलं, चार लाकडी पायांवर उभं, वर पत्रा. पावसाची झड आत येते म्हणून तीन बाजूंनी आतून गोणपाट मारलेलं, आणि पाऊस गेला तरी ते काढायचं राहून गेलेलं. दार एकच, तेही अरुंद. आत बसायला एकच दांडी, तीही जमिनीपासून वीतभर.

अडचण

दिवाळीच्या सुमारास गावठी कोंबड्यांनी संध्याकाळी खुराड्यात येणं सोडलं. आधी दोन-तीन, मग आठवड्याभरात सगळ्याच. दिवस कलला की वईवर, म्हणजे कुंपणावर, उडी, वईवरून विहिरीच्या पंपघराच्या पत्र्यावर आणि तिथून फणसाच्या आडव्या फांदीवर. तांदळाच्या कण्या दाखवल्या तर दाणे टिपायला खाली येत आणि टिपून झाले की परत वर. गिरीराज मात्र शहाण्या लेकरांसारख्या रोज खुराड्यात. वहिनी कौतुकानं म्हणायच्या, नव्या कोंबड्यांना वळण आहे, जुन्याच बिघडल्या.

फणसावरचा मुक्काम महागात पडू लागला. मार्गशीर्ष सरेपर्यंत तीन कोंबड्या गेल्या. सकाळी खाली पिसांचा सडा आणि वईच्या दिशेनं गेलेला माग. रानमांजर की उदमांजर, कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही. रात्री झाडावर झोपलेली कोंबडी अगदीच असहाय असते. अंधारात तिला फारसं दिसत नाही, त्यामुळे शेजारची ओरडली तरी ती जागची हलत नाही. भक्ष्य शोधणाऱ्याला एकदा फांदी कळली की तो पुन्हा तिथंच येतो.

दुसरा तोटा अंड्यांचा. सकाळी झाडावरून उतरलेल्या कोंबड्या खुराड्याकडे फिरकत नसत, अंडी वईत आणि गवताच्या उडवीखाली घालत. नातवाला ती सापडण्याआधी मुंगसाला सापडत.

समोर असलेले पर्याय

वाडीत सल्ल्याला तोटा नसतो. एका शेजाऱ्यानं सांगितलं, एका बाजूची पंखाची लांब पिसं कातरा, उडायच्या बंद होतील. पण पिसं कातरलेली कोंबडी खुराड्यात जाईलच असं कुठं आहे? ती जमिनीवर, वईच्या बुडाशी बसेल. झाडावर निदान कुत्र्यापासून तरी वाचते.

दुसऱ्याचं मत, फासा लावा नाहीतर विष घाला. हे वहिनींनी ऐकूनच सोडून दिलं आणि ते योग्यच झालं. रानमांजर, उदमांजर दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं, १९७२ च्या, संरक्षण आहे. शिवाय विष घातलं की सगळ्यात आधी घरचा कुत्रा जातो.

रोज रात्री शिडी लावून एकेक उतरवायची हा तिसरा पर्याय. तो चार दिवस केला. नातू वर, वहिनी खाली टॉर्च धरून. फणसावर अंधारात पोराला चढवणं आजींना पटेना, आणि त्यांचं बरोबर होतं.

चौथा पर्याय मोबाईलवरच्या व्हिडिओतून आला: आठवडाभर कोंबड्या खुराड्यातच कोंडून ठेवा, आतच दाणापाणी द्या, म्हणजे त्यांना ते घर वाटू लागेल. हा सल्ला मुळात खोटा नाही. कोंबडी सवयीची गुलाम असते. जिथं काही रात्री सलग काढल्या तिथंच ती संध्याकाळी परतते. नवीन आणलेल्या कोंबड्यांना याच पद्धतीनं जागा लावतात. फक्त त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की जागा राहण्यालायक आहे.

आजींचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "खाली काय तरी असल्याशिवाय कोंबडी वर जात नाय गो." काय असेल ते त्यांना सांगता येईना, म्हणून ते तिथंच राहिलं.

पहिला निर्णय आणि त्याचं फळ

वहिनींनी कोंडायचं ठरवलं. नातवानं एका रात्री सगळ्या गावठी कोंबड्या उतरवल्या, ११ गावठी आणि ८ गिरीराज अशा १९ जणी त्या खुराड्यात बंद झाल्या. जागा मुळात दहा-बारा जणींची. दोन्ही कोंबडे एकत्र आल्यानं टोचाटोची सुरू झाली, दुबळ्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसू लागल्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक गिरीराज मान टाकून बसली. तुरा पांढुरका, शीट हिरवी. दुसऱ्या दिवशी ती मेली, पाठोपाठ आणखी एक गिरीराज आणि एक गावठी. हिरवी शीट म्हटल्यावर वाडीनं निदान करून टाकलं: मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग. उरलेल्या विकून टाका, खुराडं बंद करा, असा आग्रह सुरू झाला.

या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण इथं आहे. त्या दिवशी बाजार होता. सगळ्या कोंबड्या डालग्यात घालून नेल्या असत्या, तर पैसे मिळाले असते, आजार दुसऱ्यांच्या परसात गेला असता आणि खुराड्यातलं दुखणं तसंच राहिलं असतं. वहिनींनी विकल्या नाहीत. कारण व्यवहारी होतं: गटातून आणलेल्या पक्ष्यांना राणीखेतची लस झाल्याची नोंद त्यांच्याकडच्या कार्डावर होती, आणि मेलेल्यांत दोन त्याच होत्या. लस होऊनही मानमोडी कशी, हा प्रश्न घेऊन त्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. बचत गटाच्या कामामुळे मलाही त्यांचा फोन आला.

रात्रीची तपासणी

डॉक्टरांनी आजारी कोंबडी उलटी धरली आणि पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली. कातडीवर बारीक, गोल, निळसर-काळे ठिपके चिकटलेले. ही गोचिडाची पिल्लं. मग त्यांनी विचारलं, कोंबड्या रात्री कुठं असतात? आणि खुराडं दिवसा न बघता रात्री बघा म्हणाले.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही टॉर्च घेऊन गेलो. दिवसा तेच खुराडं झाडून-पुसून स्वच्छ दिसत होतं. आता दांडीच्या टोकाशी, जिथं ती फळीत बसवलेली होती, तिथं चपट्या, सुरकुतलेल्या, चिंचोक्याच्या रंगाच्या गोचिडा सरकत होत्या. वहिनींनी गोणपाटाची एक कड उचकटली. मागच्या बाजूला त्यांचे पुंजके होते, बोटाच्या पेराएवढ्या जागेत आठ-दहा, आणि फळ्यांच्या फटीत बारीक तपकिरी अंडी. वहिनींनी हातातली कड सोडली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कोंबड्यांची ही गोचीड गाई-म्हशींच्या गोचिडीपेक्षा वेगळ्या स्वभावाची असते. मोठी झालेली गोचीड अंगावर राहत नाही. दिवसभर फटीत, सालीखाली दडते, रात्री बाहेर येऊन थोडा वेळ रक्त पिते आणि परत फटीत जाते. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तरी ती हाती लागत नाही. फक्त तिची पिल्लं काही दिवस अंगाला चिकटून असतात. रक्त जाऊन तुरा पांढुरका पडतो, अंडी कमी होतात. शिवाय तिच्या चावण्यातून ताप पसरतो, त्यातही हिरवी शीट होते, कोंबडी पाय ओढते, मान टाकते. मानमोडीशी गल्लत होते ती इथं. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घेतला, गोचिडतापच निघाला. प्रतिजैविक सुरू झालं. औषध चालू होतं तोवर आणि त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अंडी खाल्ली नाहीत, विकली नाहीत.

आता सगळं उलगडलं. गावठी कोंबड्या उडू शकत होत्या, त्या निघून गेल्या. गिरीराज उडू शकत नव्हत्या, त्या आतच राहिल्या, आणि सगळ्यात जास्त चावे त्यांनाच बसले. त्यांचं 'वळण' म्हणजे नाइलाज होता. झाडावरच्या गावठींचे तुरे लालभडक आणि खुराड्यातल्या गिरीराजांचे फिके, हा फरक दोन महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

दुसरा निर्णय: खुराड्याचं काय करायचं

पहिली सूचना अशी आली, की खुराडं दोन महिने रिकामं ठेवा, गोचिडा उपाशी मरतील. दुसऱ्या काही किडींना हे लागू पडलं असतं. ही गोचीड मात्र काहीही न खाता वर्षभर, कधी त्याहूनही जास्त जगते. रिकामं ठेवून फक्त वेळ गेला असता.

मग फवारणी करून तेच वापरायचं, की नवीन बांधायचं? वहिनींचा कल फवारणीकडे होता, खर्च वाचत होता. अडचण फटींची. पेट्यांच्या फळ्या म्हणजे दर दोन बोटांवर एक सांधा. औषध सगळीकडे पोचणार नाही आणि अंडी फवारणीनं मरत नाहीत. शेवटी आजींनीच निकाल लावला: जाळा. मोकळ्या खळ्यात गोणपाटासकट फळ्या जाळल्या. पत्रा तेवढा ठेवला, तोही जाळावर धरून.

नवीन खुराडं मांगराच्या, म्हणजे शेतीचं सामान ठेवायच्या खोपीच्या, चिऱ्याच्या भिंतीला लागून केलं. भिंतीला आधी गिलावा, म्हणजे फट उरली नाही, वर चुना. बाकी तीन बाजूंना लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि अर्धा इंची वेल्डेड जाळी. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण रानमांजर ती ओढून फाडतं आणि साप सहज आत येतो. पावसासाठी बाहेरून विणलेल्या झावळांच्या झापा बांधायच्या ठरल्या, आतून काहीही मारायचं नाही.

दांड्यांवर खूप खल झाला. गावठी कोंबडीला उंच जागा हवी असते. रानकोंबडीचा स्वभाव तिच्यात शिल्लक आहे, आणि आत उंच जागा मिळाली नाही तर ती बाहेर शोधते. गिरीराज उंचावरून उडी मारली की पायाचे तळवे दुखावून घेते. एकाच पातळीवर दांड्या ठेवल्या तर वरच्या जागेवरून भांडणं कमी होतात, हेही खरं. शेवटी दोन पातळ्या केल्या: एक दीड फुटावर, दुसरी साडेतीन फुटांवर, एकमेकींच्या बरोबर वर येणार नाहीत अशा. प्रत्येक कोंबडीला साधारण २० सेंटिमीटर जागा, भिंतीपासून फूटभर अंतर. दांडी दोन इंच रुंद, कडा तासलेल्या. अंड्यांचे खोके खालच्या दांडीहूनही खाली, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वाडीतल्या वेल्डरनं सुचवली. दांड्या ठोकून पक्क्या न करता लोखंडी आकड्यांत नुसत्या ठेवल्या. दर आठवड्याला उचलून उन्हात आपटायच्या, टोकं बघायची. गोचीड लपणार असेल तर तिथंच. आकड्यांना जळकं ऑइल फासलं.

अंगावरची गोचिडाची पिल्लं नव्या खुराड्यात जाऊ नयेत म्हणून सगळ्या कोंबड्या दहा-बारा दिवस पडवीत डालग्यांखाली ठेवल्या. तेवढ्या दिवसांत पिल्लं रक्त पिऊन गळून पडतात. खालचा पेंढा रोज जाळला. हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा होता. पडवीत घाण, वास, पहाटे चार वाजता कोंबडे डोक्याशी. तरी तो टाळला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची फवारणी नव्या जागेत आणि फणसाच्या खोडावर झाली, दोन आठवड्यांनी पुन्हा. फणसाची सैल साल खरवडली तेव्हा तिच्याखालीही थोड्या गोचिडा निघाल्या. झाड हा कोंबड्यांनी शोधलेला उपाय होता, पण कायमचा नव्हता.

आता मात्र कोंडणं

नव्या जागेत आठवडाभर कोंडून ठेवलं, तोच मोबाईलवरचा सल्ला. या वेळी तो लागू पडला. मग पहिले काही दिवस सकाळी न सोडता संध्याकाळी पाचलाच सोडलं. उजेडाचा जेमतेम तास शिल्लक, लांब जायला वेळच नाही. दाणा दिवसभर कमी, संध्याकाळचा मोठा घास आतच.

तरीही चार-पाच गावठी कोंबड्या पंपघराकडे पाहत घुटमळत. इथं नातवाच्या लक्षात एक गोष्ट आली. अंगणातला एलईडी दिवा अंधार पडण्याआधीच लागायचा आणि त्याचा उजेड थेट फणसावर पडायचा. खुराड्याच्या दारात मात्र काळोख. कोंबडीला अंधाऱ्या भोकात शिरायला नकोच असतं. त्यानं अंगणातला दिवा उशिरा लावायला सुरुवात केली आणि खुराड्यात झिरोचा बल्ब टांगला, सगळ्या बसल्या की बंद करायचा. पंपघरावर वाकलेली फांदी छाटली, वर जायची पायरीच गेली.

ज्या तरीही खालच्या फांद्यांवर बसत त्यांना उतरवायला शिडी लागली नाही. बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधली. झोपेतल्या कोंबडीच्या पायांच्या वर, छातीला ती हलकेच टेकवली की ती आपणहून एकेक पाय काठीवर ठेवते. मग हळूच खाली घ्यायचं. ओरडा नाही, फडफड नाही.

निकाल

औषध सुरू झाल्यावर आणखी एक गिरीराज दगावली. उरल्या १५: दहा गावठी, पाच गिरीराज. महाशिवरात्रीपर्यंत तेरा जणी अंधार पडायच्या आत आपापल्या दांडीवर असत. गिरीराजांचे तुरे लाल झाले, बंद पडलेली अंडी पुन्हा सुरू झाली.

दोघं बधले नाहीत. त्यातला तरणा कोंबडा शिमग्याला कापला. काळी कोंबडी राहिली. फांदी छाटली तरी ती कौलांवरून फणस गाठत होती. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तेव्हा वहिनींनी तिला अंडी घालून नव्या खुराड्यातच बसवलं. २१ दिवसांनी पिल्लं निघाली आणि पिल्लं उडू शकत नसल्यानं ती त्यांना पोटाशी घेऊन आत जमिनीवरच झोपू लागली. पण पिल्लांना पंख फुटले की आई त्यांना आपल्या आवडत्या जागी नेते, आणि हिची आवडती जागा फणस. म्हणून पाचव्या आठवड्यापासून तिला आणि पिल्लांना दुपारीच आत घ्यायचं ठरलं. पिल्लं खालच्या दांडीवर बसायला लागली. आईचं अजून नक्की सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कोंबड्यांनी जागा सोडली त्याच आठवड्यात एकदा रात्री टॉर्च घेऊन खुराडं पाहिलं असतं, दांडीची टोकं आणि गोणपाटाची मागची बाजू, तर निम्मं प्रकरण तिथंच संपलं असतं. कोंडण्याआधी हे करायला हवं होतं. उलट क्रमानं झालं आणि त्यात तीन कोंबड्या गेल्या. आजींना नेमकं कारण सांगता आलं नाही म्हणून त्यांचं बोलणं मागे पडलं, त्याऐवजी "म्हणजे काय असेल, चला बघू" एवढं कुणी म्हणायला हवं होतं.

दोन वेगळ्या जाती एका घरात ठेवताना त्यांच्या वागण्यातला फरक ही फुकटची तपासणी असते. एक जात बाहेर आणि दुसरी आत, एकीचा तुरा लाल आणि दुसरीचा फिका, असं दिसलं की आत राहणारीला आधी उलटी करून पंखाखाली बघावं.

जाळण्याबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. फळ्यांचं खुराडं असेल तर जाळणंच बरं. पण विटांचं किंवा चिऱ्याचं असतं तर फटी सिमेंटनं बुजवून, चुना मारून, फवारणी करून भागलं असतं. वहिनींच्या गटात आणखी दोघींकडे पेट्यांच्याच फळ्यांची खुराडी आहेत. एकीनं रात्री पाहिलं, काही सापडलं नाही. तिनं फक्त गोणपाट काढलं आणि दांड्या सुट्या केल्या. दुसरीच्या कोंबड्या अजून शेवग्यावर आहेत, आणि राणीखेतची पुढची लस टोचायची तर त्या रात्री हाताला लागायला हव्यात, म्हणून तिचं खुराडं पावसाआधी करायचं चाललं आहे.